आधी ताट, मग हिशेब

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं संपादक मंडळातल्या वहिनी मला वर्षभर सांगत होत्या. "तुमच्याकडच्या नाताळच्या फराळावर लिहा, सगळ्यांना आवडेल," असंही त्यांनी सुचवलं होतं. फराळावर लिहिणं सोपं होतं. आमच्या करंज्या आणि तुमच्या करंज्या सारख्याच, फक्त आमच्या डिसेंबरात होतात. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरात जे घडलं आणि त्यातून मी जे शिकले, ते कधीतरी सांगावं असं मनात होतं.

गोष्ट माझ्या धाकट्या मुलाची आहे, म्हणून आधी त्याला विचारलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लिही की. पण नाव घालू नकोस. आणि पंक्चरचं नक्की लिही." म्हणून लिहिते आहे. नावं कुणाचीच घालत नाही.

आम्ही बेळगावचे, टिळकवाडीत राहतो. मिस्टर उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. मी डबे देते. शिकायला आलेली मुलं, एक-दोन बँकेतले, दोन एकटे राहणारे आजोबा, असे मिळून रोज ३४ डबे. भाजी, आमटी, भात आणि दोन भाकऱ्या किंवा तीन चपात्या. घरात सासूबाई आहेत, वय ८१. मोठी मुलगी लग्न होऊन पुण्याला आहे. धाकटा त्या वेळी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता.

आमच्या घरात रोज रात्री जेवणानंतर पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायचा आणि प्रार्थना करायची, ही सासऱ्यांपासूनची रीत. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाचायचं काम धाकट्याकडे होतं. 'विश्वास' हा शब्द त्या वाचनात इतक्या वेळा येतो, की तो कानाला लागेनासाच झाला होता. मराठी शास्त्रात देवावर ठेवायचा तो विश्वास, आणि दूधवाल्यावर, शेजारणीवर, पोटच्या मुलावर ठेवायचा तोही विश्वासच. शब्द एकच आहे. त्यातला एक तुटला की दुसऱ्याला किती हादरा बसतो, हे मला त्या वर्षी कळलं.

तो फोन

२०२३ चा जुलै महिना. सकाळचे साडेदहा वाजले असतील. बाहेर बेळगावचा पाऊस, आत तव्यावर भाकरी. फोन वाजला तो मी पिठाच्या हातानेच घेतला. कॉलेजच्या ऑफिसमधून होता. "तुमच्या मुलाची फी अजून आली नाही. उद्या शेवटचा दिवस आहे."

मी म्हटलं, "काहीतरी चूक होतेय. आम्ही महिन्यापूर्वीच भरली."

फीचे ३२,००० रुपये मी स्वतः त्याच्या खात्यावर टाकले होते. भिशीचे वीस हजार आणि वर डब्यांचे बारा. तो म्हणाला होता, "भरली आई." मी पावती मागितली नव्हती. मुलाकडे पावती कुणी मागतं का?

फोन ठेवला तोवर भाकरी करपली होती. डबे मात्र वेळेवर गेले. हात त्यांचं काम करत होते, डोकं जागेवर नव्हतं.

संध्याकाळी तो आला आणि दारातच माझं तोंड बघून त्याला कळलं. मोबाईलवरच्या पैसे लावून खेळायच्या गेममध्ये सगळे गेले होते. सुरुवात पन्नास रुपयांनी झाली होती. पहिल्या आठवड्यात चारशे मिळालेसुद्धा. मग जायला लागले. गेलेले परत मिळवायचे म्हणून फीमधले दोन हजार लावले, ते मिळवायला पाच हजार, असं करत खातं रिकामं. वर एका मित्राचे ४,५०० रुपये देणं. असे खेळ सरकारने पुढे २०२५ साली कायदा करून बंद केले. पण आमचे पैसे त्याच्या आधीच गेले होते.

त्या रात्री मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते, म्हणून ते आधी सांगते. मी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं. वही घेतली आणि एकेक रक्कम विचारायला लागले. कुठल्या दिवशी किती? कुणाकडून घेतले? तेव्हा काय खोटं सांगितलंस? मध्येच माझा आवाज चढायचा. मिस्टर बाहेर खुर्चीत बसून होते. ते दोनदा म्हणाले, "राहू दे की आता, उद्या बोलू." मी ऐकलं नाही. रात्रीचा एक वाजला. हिशेब जुळला. मी वही मिटली आणि जाऊन झोपले.

सकाळी उठून पातेली बघितली तेव्हा ध्यानात आलं. त्याचं ताट तसंच पालथं होतं. तो जेवला नव्हता, आणि मी त्याला 'जेव' म्हटलं नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या ३४ माणसांना जेवू घालणारी मी, आणि माझा मुलगा माझ्याच घरात उपाशी झोपला होता.

फीचं निभावलं. माझी एक बांगडी गहाण ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी स्वतः जाऊन पैसे भरले. पैशांचं नुकसान माणूस सोसतो. दुसरं जे गेलं होतं, ते कुठल्या बँकेत मिळणार?

त्या गोष्टीत तू कोण?

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात कुलपं आली. कपाटाला कुलूप. डब्यांचे पैसे ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, तो डबा कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. त्याचा मोबाईल रोज रात्री मी तपासायची. दुकानातून कोथिंबीर आणली तरी सुटे पैसे मोजून घ्यायची. तो काही बोलायचा नाही. रात्रीचं वाचनही त्याने सोडलं. "घसा बसलाय" म्हणायचा. मग वाचन मी करू लागले. वाचायची, पण प्रार्थनेला डोळे मिटले की शब्द यायचे नाहीत. पोटच्या पोरावर विश्वास उरला नाही आणि न दिसणाऱ्या देवाला 'तुझ्यावर विश्वास आहे' कसं म्हणायचं? ते म्हणणं मला खोटं वाटायला लागलं होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चमध्ये उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर उपदेश झाला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा आपला वाटा मागून घेतो, परमुलखात जातो, सगळं उडवतो. शेवटी डुकरं राखायची वेळ येते. तेव्हा शुद्धीवर येऊन तो घरी निघतो. 'मला मुलगा म्हणू नका, चाकर म्हणून ठेवा,' असं बोलायचं वाटेतच ठरवतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. त्याचं ठरवलेलं बोलणं पुरतं व्हायच्या आत घरात मेजवानीची तयारी सुरू होते. मोठा मुलगा शेतातून येतो, गाणी-वाजवणी ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो.

घरी येताना रिक्षात मी डोळे पुसत होते. सासूबाईंना म्हटलं, "आज जणू माझ्याच घरावर बोलले. मी त्या बापासारखी वाट बघतेय, पण हा काही शुद्धीवर येत नाही."

सासूबाई जरा वेळ बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, त्या गोष्टीत तू बाप आहेस होय? मला तर तू मोठा भाऊ वाटतेस."

मला राग आला. बोलले नाही, पण आला. रात्री डाळ निवडताना तोच भाग मनात घोळत होता. मोठ्या भावाची तक्रार काय होती? मी इतकी वर्षं राबलो. मला कधी काही मिळालं नाही. आणि ह्याने सगळं उडवलं. त्याने गेलेल्या पैशांचा पाढा वाचला, स्वतःच्या कष्टांचा पाढा वाचला. मग मला आठवलं, त्या रात्री मी धाकट्याला काय काय बोलले होते. "मी पहाटे चारला उठते ते कुणासाठी?" शब्द वेगळे, पण हिशेब तोच. मोठा भाऊ काही खोटं बोलत नव्हता, त्याची बेरीज बरोबर होती. पण बरोबर बेरीज घेऊन तो दाराबाहेर उभा होता आणि जेवण आत चाललं होतं.

सासूबाईंचं आवडतं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. अर्धं त्यांना पाठ आहे. त्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी ते विषयाला धरून काढलं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा संसार एका क्षणात मोडला. पाच वर्षांनी, १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. "मधली ती वर्षं बघ," सासूबाई म्हणाल्या. "परत नवऱ्याकडे राहायला आली तेव्हा तिने सोवळं सोडलं नव्हतं. मन पूर्ण वळल्यावर येते, असं नाही म्हणाली. आधी आली. मन मागनं आलं. आणि त्या टिळकांच्या हातात पैसा टिकायचा का? तरी हसत हसत लिहिलंय सगळं."

"आधी आली, मन मागनं आलं." हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी उलटं धरून बसले होते. आधी माझा विश्वास परत येईल, मग मी त्याच्याशी नीट वागेन. पण तो आपोआप यायचा कुठून?

शास्त्रात एक बाप आहे, मार्कच्या शुभवर्तमानात. त्याचा मुलगा लहानपणापासून आजारी. येशूचे शिष्यही त्याला बरं करू शकलेले नाहीत. येशू त्याला विश्वासाबद्दल बोलतो, तेव्हा तो बाप रडत एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: माझा विश्वास आहे, आणि जिथे नाही तिथे मला मदत कर. लहानपणापासून ऐकलेला भाग, पण त्या दिवसांत मला त्यातलं नवंच दिसलं. येशू त्याला 'आधी पुरता विश्वास घेऊन ये' म्हणाला नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा झाला. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी प्रार्थना केली. मोठी नव्हती. एवढंच म्हटलं, "प्रभू, माझ्या हातातली किल्ली सुटत नाहीये."

किनाऱ्यावरची न्याहारी

त्यानंतर मी एक गोष्ट शोधायला लागले. येशूने चुकलेल्या माणसाला परत घेतलं, तेव्हा नक्की काय केलं? आधी काय, नंतर काय? स्वयंपाक करणाऱ्या बाईला क्रम कळतो. फोडणीत हिंग आधी की मोहरी, यावर सगळी चव असते.

पेत्राची गोष्ट घ्या. येशूला पकडलं त्या रात्री पेत्र अंगणात कोळशांच्या शेगडीजवळ ऊब घेत उभा होता. तिथे त्याने तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. सगळ्यांत जवळचा शिष्य, आणि विश्वासघात असा. पुनरुत्थानानंतर येशू त्याला तलावाच्या काठी भेटतो. पहाटेची वेळ. रात्रभर जाळं टाकून मंडळी दमलेली. किनाऱ्यावर कोळसे पेटवलेले, वर मासे, शेजारी भाकर. शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनच ठिकाणी येतो: पेत्र चुकला तिथे, आणि इथे. येशू त्याला काय म्हणतो? या, न्याहारी करा. सगळ्यांचं खाऊन होतं आणि मग तो पेत्राला विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईटही वाटतं. म्हणजे झाल्या गोष्टीवर पांघरूण घातलं नाही. जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा विचारलं. आणि दर वेळी उत्तर ऐकून त्याच्यावर काम सोपवलं: माझी मेंढरं सांभाळ.

जक्कयाचंही तसंच. तो जकातदारांचा मुख्य. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशूला बघायला झाडावर चढून बसलेला. येशू त्याला आधी 'पैसे परत कर' म्हणत नाही. 'आज मी तुझ्याकडे उतरणार' म्हणतो. घरी पाहुणा आल्यावर जक्कय आपणहून उभा राहतो आणि सांगतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देईन.

तिन्ही गोष्टींत क्रम एकच. आधी ताट, मग हिशेब. हिशेब चुकवलेला नाही. पेत्राला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली, जक्कयाला चौपट द्यावं लागलं. पण उपाशी पोटी, दारात उभं करून कुणाचाच हिशेब घेतलेला नाही. आणि हिशेब झाल्यावर माणसाला हाकलून दिलेलं नाही, जबाबदारी दिली आहे. मी त्या रात्री नेमकं उलटं केलं होतं. हिशेब आधी घेतला, ताट दिलंच नाही, आणि काम तर काढूनच घेतलं.

पंक्चर

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी धाकट्याला उठवलं. गरम भाकरी, लोणी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. तो खात असताना समोर बसले. त्याचं खाऊन झाल्यावर दोन हजार रुपये त्याच्यासमोर ठेवले. "रविवार पेठेतनं ज्वारी आणि डाळ आण. भाजी पण बघ. आजपासून शनिवारचा बाजार तुझ्याकडे."

त्याने पैशांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मोजून दिलेस?"

"मोजून दिलेत. तू पण मोजून घे."

तो स्कूटर घेऊन गेला. सकाळचे आठ. साडेनऊपर्यंत यायला हवा होता. दहा वाजले. फोन लावला, लागेना. साडेदहा. मी डबे भरत होते आणि माझ्या मनात काय काय चाललं होतं ते सांगायलाही नको वाटतं. पुन्हा खेळला असेल. दोन हजार म्हणजे त्याला किती वेळ? चूक माझीच, मीच मूर्ख. पावणेअकराला तर मी मनातल्या मनात सासूबाईंशी भांडून पण झाले.

अकराला फाटक वाजलं. तो स्कूटर ढकलत आत आला. अंगावरचा शर्ट घामाने आणि पावसाने चिंब. पुढे ज्वारीचं पोतं, हँडलला दोन पिशव्या. कपिलेश्वर पुलावर मागचं चाक पंक्चर झालं होतं. फोनची बॅटरी संपली होती. तिथनं गोवावेसवरनं टिळकवाडीपर्यंत तो गाडी ढकलत आला होता.

"अरे, वाटेत पंक्चरवाले किती आहेत! काढून घ्यायचं की!"

तो खाली बघून म्हणाला, "पंक्चरवाला बिल देत नाही, आई. तुला खरं वाटलं नसतं."

मी तिथेच पायरीवर बसले. त्याने खिशातून घडी केलेली दुकानाची बिलं काढली आणि उरलेले सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले. मी ते मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती असं नाही. पण त्या क्षणी मला कळलं, की सहा आठवडे मी जे कुलूप लावत होते ते कपाटाला नव्हतंच. माझ्या मुलाला वाटत होतं, की आता त्याचं खरं बोलणंसुद्धा या घरात चालणार नाही.

पोतं त्याने आणि मी मिळून आत घेतलं. मग मी त्याला पुन्हा जेवायला वाढलं.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एकदा भांडी पुसता पुसता त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्या उपाशी रात्रीच्या दुसऱ्या संध्याकाळी तो रेल्वेच्या रुळांजवळ जाऊन बसला होता. बराच वेळ. मग सासूबाईंचा फोन आला, "अरे, मला औषधाची वेळ कळेना, ये की लवकर." तो उठून आला. सासूबाईंच्या औषधाची वेळ त्यांना कधी चुकत नाही. त्यांना काही कळलं होतं की नुसतं वाटलं होतं, मी अजून विचारलेलं नाही. पण त्यांनीही त्याला उपदेश केला नव्हता. काम दिलं होतं.

हे वाचणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगते. पैशांचं, परीक्षेचं, कशाचंही असं काही झालं असेल तर घरात ज्याच्याशी बोलता येईल त्याच्याशी आजच बोला. घरात जमत नसेल तर सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, फुकट. आईवडील रागावतील. मीही रागावले. पण तुमच्याशिवाय तो राग घेऊन आम्ही करणार काय?

हिशेबाची वही

आता हिशेबाचं. कारण नुसतं ताट वाढून भागत नाही, हेही मला नीट लिहायचं आहे. 'माफ केलं, विसरून जाऊ' असं आम्ही केलं नाही. माफी एका दिवसात देता येते. विश्वास एका दिवसात देता येत नाही, आणि तसा तो दिल्याचं नाटकही करू नये. येशूच्याच एका दाखल्यात धन्याला थोडक्यात विश्वासू राहिलेला चाकर सापडतो, मग तो त्याच्यावर पुष्कळावर अधिकार सोपवतो. थोडक्यापासून सुरू करायचं, एवढंच आम्ही केलं.

एक वही केली. ३२,००० आणि मित्राचे ४,५०० अशी रक्कम पहिल्या पानावर त्यानेच लिहिली. शनिवारचा बाजार आणि रोज संध्याकाळचे बारा डबे पोचवायचं काम त्याचं. त्याचे महिन्याला १,५०० रुपये त्याच्या नावावर जमा. मित्राचे पैसे आधी फेडायचे, आमचे नंतर. मोबाईलमधून ते खेळ त्याने आमच्यासमोर काढले आणि पैसे पाठवायचं ॲप काही महिने वडिलांच्या फोनवर ठेवलं. कपाटाचं कुलूप मी लगेच काढलं नाही. पण किल्ली कमरेला न ठेवता खिळ्याला अडकवायला लागले. लहान गोष्ट वाटेल. ती किल्ली पहिल्यांदा खिळ्याला लावताना माझा हात थरथरला होता.

सगळं सरळ झालं असंही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये तो एकदा परत घसरला. ५०० रुपये. पण या वेळी कॉलेजचा फोन आला नाही. तो स्वतः आला, मी कणीक मळत होते तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "आई, परत झालं." माझ्या पोटात गोळा आला. तोंडात पहिला प्रश्न आला तो 'कधी?' हाच. तो गिळला. म्हटलं, "हात धू, आधी जेवून घे." जेवण झाल्यावर वही काढली. त्याने ५०० लिहिले. मग आम्ही एका समुपदेशकांकडे गेलो. ते आधीच करायला हवं होतं, हेही इथेच कबूल करते. प्रार्थना आणि समुपदेशन यात आम्हाला भांडण दिसत नाही. दोन्हींत माणूस 'मला एकट्याला जमत नाही' हेच म्हणतो.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की विश्वास परत येतोय. तो चुकला नाही म्हणून नव्हे. चुकल्यावर घराकडे आला म्हणून.

आपल्याच बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी, ज्यांचं 'यमुनापर्यटन' मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखलं जातं, त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'अरुणोदय' हे नाव दिलं. मला ते नाव फार पटतं. उजाडणं एकदम होत नाही. पहाटे चारला मी उठते तेव्हा खिडकीबाहेर काळोखच असतो. पहिल्या दहा भाकऱ्या होईपर्यंत काही फरक दिसत नाही. मग कधीतरी मान वर करावी तर समोरचं नारळाचं झाड दिसायला लागलेलं असतं. नेमकं कधी दिसायला लागलं ते सांगता येत नाही. माणसाची वाढ अशीच होत असावी. त्याची झाली, आणि माझीही. त्या रात्री वही घेऊन बसलेली बाई मी होते, हे विसरू नये म्हणून ती वही मी अजून टाकलेली नाही.

आमच्या प्रार्थनेत देवाकडे मागायची भाकर 'रोजची' आहे. महिन्याची किंवा वर्षाची नाही. पूर्वी मला वाटायचं, ही गरिबांची प्रार्थना. आता वाटतं, विश्वासही तसाच रोजचा आहे. कालची भाकरी आज कडक होते. आज परत पीठ मळायचं, परत थापायचं. देवावरचा असो की माणसावरचा.

धाकटा आता उद्यमबागेतच एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला आहे. गेल्या नाताळच्या आधी वहीतला शेवटचा आकडा त्याने खोडला. बांगडी त्याच्या आधीच सुटून आली होती. रात्रीचं वाचन पुन्हा त्याच्याकडे आहे. शनिवारचा बाजारही त्याने सोडलेला नाही, आणि स्कूटर पुन्हा एकदा पंक्चर झाली होती. या वेळी तो वेळेवर आला. वहीत लिहिलं होतं: "पंक्चर – ६० रु. बिल नाही."

मी खाली बरोबरची खूण केली.